परराष्ट्रसंबंधांचीं साधनें व तीं वाचण्याची रीत : माहूर परगण्यांतील एका पत्राच्या निमित्तानें

कांहीं वर्षांपूर्वीं एका लेखांत आम्हीं असें प्रतिपादिलें होतें कीं, खर्ड्याच्या लढाईची बातमी पैनगंगेपर्यंत पोहोंचतांच त्या बाजूच्या निजामी अंमलदारांचा ताठा उतरला व मराठ्यांच्या चौथाईचा ऐवज बिनबोभाट पावता होऊं लागला. हें विधान चुकीचें आहे. तें कसें चुकलें हें सांगणें हा प्रस्तुत लेखाचा पहिला हेतु असून, त्या ओघांत दोन दरबारांमधील संबंधांचा इतिहास कोणत्या कागदांवरून व कोणत्या रीतीनें लिहावा, याविषयींचे आमचे विचार संग्राहक मंडळींपुढें ठेवावे असें मनांत आहे. संग्राहकांपुढें अशासाठीं कीं, चूक आमची असली तरी तिचें अर्धें बीज कागद जपण्याच्या आपल्या चालीरीतींत आहे.

पत्र आम्हांस माहूरच्या परिसरांतील एका जुन्या घराण्यांत पाहावयास मिळालें. कागद दौलताबादी, लिपि मोडी, वळण सराईत कारकुनाचें. लिहिणारा मराठ्यांकडील चौथाईचा कमाविसदार. ज्यास लिहिलें त्याचें नांव कसरीनें खाल्लें आहे. मजकूर थोडका : नबाबाकडील अंमलदारानें यंदां अडथळा न करितां ऐवज पावता केला, पर्जन्य बरा आहे, पेरणी चालू आहे, बाकी मजकूर पुरवणीवरून ध्यानीं येईल. मिति छ ११ रमजान, सन ११९५. पुरवणी मात्र जवळ नाहीं.

हा ११९५ चा आंकडा पाहतांच आम्हीं तो सुहूर सन धरला. पेशवाईच्या कागदांत ‘खमस तिसैन मया व अलफ’ असा अरबी संख्यावाचकांनीं लिहिला जाणारा तोच हा सन, म्हणजे इ. स. १७९४-९५. त्या सालांतील रमजानची अकरावी तारीख एप्रिलच्या आरंभीं येते आणि खर्ड्याची लढाई तर ११ मार्च १७९५ ची. तीन आठवड्यांचें अंतर, बातमी पोहोंचण्यास पुरेसा अवधि, आणि ‘यंदां अडथळा न करितां’ हे शब्द! सगळें इतकें चपखल जुळलें कीं, पेरणीचा उल्लेख आम्हीं पत्रांतील नेहमींच्या शिरस्त्याचा म्हणून सोडून दिला.

लेख छापून आल्यावर आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. तो किनवटाकडे शेती करतो; मोडी त्याला वाचतां येत नाहीं. लेख मात्र त्यानें मन लावून वाचला होता. तो म्हणाला, “गुरुजी, एप्रिलांत माहुरास पेरणी कोठली हो? तेव्हां तर आम्ही नांगरटीची ढेंकळें फोडीत असतों.” आम्ही चाळीस वर्षें पंचांग हाताळलेलें, पण या प्रश्नास उत्तर नव्हतें.

त्या रात्रीं पुन्हां गणित मांडलें. मराठवाड्यांतील व वऱ्हाडांतील वसुली कागदांत सुहूर सनाइतकाच, किंबहुना अधिक, फसली सन चालतो. दोन्हीं सन मृगाबरोबर पालटतात, म्हणून त्यांची फसगत सहज होते. परंतु दोहोंत नऊ वर्षांचा फरक आहे. सुहूर सनांत ५९९ मिळविले म्हणजे ज्या इसवी वर्षीं तो सन सुरू झाला तें वर्ष मिळतें. दख्खनी फसलींत ५९० मिळवावे लागतात. म्हणजे ११९५ फसली हा १७८५-८६ होय. आतां रमजान पाहावा. हिजरी वर्ष शुद्ध चांद्र असल्यामुळें दरसाल सुमारें अकरा दिवसांनीं मागें सरकतें. १७९५ सालीं रमजान चैत्रांत पडला होता, तर १७८५ सालीं तो आषाढांत होता. छ ११ रमजान म्हणजे त्या वर्षींच्या जुलैचा तिसरा आठवडा. पाऊस, पेरणी, सर्व कांहीं आपापल्या ठिकाणीं येऊन बसलें, आणि आमचा सिद्धान्त जागेवरून उठला. कमाविसदार मराठ्यांकडील असूनहि त्यानें फसली सन कां घातला, याचें उत्तर सोपें आहे : ज्या मुलखांत वसूल करावयाचा तेथील गांवोगांवचे हिशेब फसलींत चालत, व त्याचा कारकून बहुधा तिकडचाच असे.

नऊ वर्षांनीं काय बिघडतें, असें कोणी म्हणेल. येथें सर्वच बिघडतें. १७८४ च्या उन्हाळ्याअखेर नाना फडणीस व निजामअली यांची यादगिरीस भेट झाली. १७८५ सालीं टिपूनें नरगुंदास वेढा घातला. पुढल्या वर्षीं पुणें व हैदराबाद या दोन्हीं दरबारांच्या फौजा मिळून टिपूवर चालून गेल्या व बदामी घेतली. १७८७ त गजेंद्रगडाचा तह झाला. तेव्हां आमचें पत्र हें पराभूताच्या नमतेपणाचें नसून दोन दरबारांचा स्नेह जमत असतांनाचें आहे. एकच कागद, तींच अक्षरें. सन बदलला आणि भीतीच्या जागीं सलोखा आला.

कालगणनेचा हा विषय नवशिक्यांस रुक्ष वाटतो. परंतु दोन राज्यांच्या व्यवहाराचा अभ्यास म्हणजे दोन कालगणनांचा अभ्यास, हें प्रथमच मनांत ठसवावें. खर्ड्याच्या लढाईचा दिवस घ्या. शालिवाहन शक १७१६, आनंदनाम संवत्सर, राज्याभिषेक शक १२१, सुहूर ११९५, फसली १२०४, हिजरी १२०९, आणि इंग्रज वकिलांच्या पत्रांत १७९५. सहा पक्षांचे नव्हेत, एकाच दिवसाचे हे सहा आंकडे आहेत. त्यांतून १७५२ पूर्वींच्या काळांत शिरलें म्हणजे आणखी एक खांच लागते. इंग्रज त्या वर्षाच्या सप्टेंबरापर्यंत जुनें पंचांग चालवीत, फ्रेंच कधींच नव्या पंचांगावर गेलेले. दोहोंत अठराव्या शतकांत अकरा दिवसांचें अंतर. १७५१ च्या अखेरीस सलाबतजंगाबरोबर बुसी मराठ्यांवर चालून आला, त्या मोहिमेच्या फ्रेंच व इंग्रजी तारखा शेजारीं ठेवल्या तर एका लढाईच्या दोन लढाया सहज होतात. त्या वेळीं चंद्रग्रहणाच्या रात्रीं छापा पडल्याचें प्रसिद्धच आहे. अशा ठिकाणीं आकाश साक्षीस येतें, कारण ग्रहण पौर्णिमेवांचून लागत नाहीं व तें कोणत्याहि दरबाराचा पक्ष घेत नाहीं.

येथें एक शंका निघेल कीं, पुणें व हैदराबाद यांच्या संबंधांस परराष्ट्रसंबंध म्हणावें काय. शब्दांपुरतें पाहिलें तर दोघेहि दिल्लीच्या बादशहाचे. १७१९ च्या सनदांनीं दक्षिणच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी छत्रपतींस मिळाली आणि त्याच सुभ्यांचा सुभेदार म्हणून निजाम-उल्-मुल्क नांदूं लागला. माहूर ही वऱ्हाड सुभ्यांतील एक सरकार. म्हणून तिच्या गांवांत एकाच खळ्यावर दोन सत्तांचे माणूस उभे. कागदांत ‘राष्ट्र’ शब्द नाहीं, बरोबरीचा उच्चार नाहीं. एक बादशाही मनसबदार व दुसरा बादशाही सनदेचा हक्कदार, एवढेंच. पण वकील ठेवणें, तह करणें, ओलीस मागणें, मोहिमेस मदत देणें वा नाकारणें, हीं सर्व कृत्यें स्वतंत्र राज्यांचींच होतीं. ज्यानें केवळ मायने वाचले तो या काळास फसेल. ज्यानें मायने वाचलेच नाहींत तोहि फसेल, कारण बिरुदांतील एखादा शब्द वाढला कीं कमी झाला, यावर वकील पानेंच्या पानें लिहितात, तें उगीच नव्हे.

आतां साधनांकडे वळूं. संग्राहकांत सर्वांत मान तहाच्या कागदास. त्यांतहि ज्याला आपण तह म्हणतों तो पुष्कळदां तह नसून यादी असते : एका पक्षानें कलमवार मागण्या लिहिल्या, दुसऱ्यानें कलमाखालीं वा समासांत आपला जबाब लिहिला. जबाबाचा भाग फाटला अथवा तालीक करणारानें गाळला म्हणजे उरते ती नुसती मागणी, आणि ती कबुली म्हणून छापली जाते. अशा दोन-तीन याद्या आम्ही स्वतः पाहिल्या आहेत.

परंतु तह पूर्ण, अस्सल व शिक्क्यानिशीं मिळाला तरी तो काय सांगतो? त्या दिवशीं कोणी काय कबूल केलें, एवढेंच. खर्ड्यास निजामअलीनें दौलताबादचा किल्ला, मोठा मुलूख व सुमारें तीन कोटींची रक्कम देण्याचें कबूल केलें, दिवाण मुशीरुल्मुल्क यास पुणेकरांच्या स्वाधीन केलें. त्याच वर्षीं २७ ऑक्टोबरास सवाई माधवराव वारले. पुण्यांत गादीचा घोळ माजला, नानांस महाडास जावें लागलें, आणि १७९६ च्या ऑक्टोबरांत निजामाचें साह्य मिळविण्यासाठीं खर्ड्याचें पुष्कळसें पदरांत पडलेलें परत देण्याचा करार त्यांनींच केला, मुशीरुल्मुल्कहि सुटला. ज्याच्या संग्रहीं खर्ड्याचा कागद आहे व महाडचा नाहीं, त्याच्या इतिहासांत मराठी सत्ता त्या मुलखावर अजून नांदत असेल. तहाचें आयुष्य दीड वर्षाचें. कागदाचें दोनशें वर्षांचें.

यासाठीं तहापेक्षां वकिलाचीं पत्रें अधिक मोलाचीं. कृष्णराव बल्लाळ काळे व त्यांचे चिरंजीव गोविंदराव यांनीं हैदराबादेहून पुण्यास केलेला पत्रव्यवहार ज्यानें वाचला त्याला निजामाचा दरबार आंतून दिसतो : कोण कोणावर रुसला, कोणाचें वजन वाढलें, कोणत्या बोलण्यावर नबाब हंसले. युरोपांत लेओपोल्ड फॉन रांके या जर्मन पंडितानें व्हेनिसच्या वकिलांचीं निवेदनें धुंडाळून परराष्ट्रसंबंधांच्या इतिहासास नवें वळण लाविलें, त्याचा गौरव आपल्याकडेहि होतो. परंतु व्हेनिसचा वकील तें निवेदन कामगिरी संपवून घरीं परतल्यावर सभेपुढें वाची; त्यांत झालेल्या गोष्टींची घडी बसविलेली असे. आपल्या वकिलाचें पत्र उद्यां काय होणार हें ठाऊक नसतांना, जासूद दाराशीं उभा असतांना लिहिलेलें असतें. म्हणून तें अधिक जिवंत, आणि म्हणूनच अधिक अविश्वसनीयहि. वकिलास आपली उपयुक्तता पटवावयाची असते, खर्चास ऐवज आणावयाचा असतो, धन्याच्या मनांत आधींच बसलेल्या मतास दुखवावयाचें नसतें. प्रत्येक पत्र हातीं घेतांना आम्ही एकच प्रश्न विचारतों : हें वाचून वाचणारानें काय करावें अशी लिहिणाराची इच्छा होती?

संस्कृताचा संस्कार असलेल्या आमच्यासारख्यांस दुसराहि एक मोह असतो. १९०९ सालीं शामशास्त्र्यांनीं म्हैसुराहून कौटिल्याचें अर्थशास्त्र प्रसिद्ध केल्यापासून षाड्गुण्य व राजमंडल यांची किल्ली प्रत्येक कुलुपास लावून पाहण्याची हौस अनेकांस झाली. आम्हीहि तीत मागें नव्हतों. पुणें विजिगीषु, हैदराबाद अरि, म्हणून हैदराबादेपलीकडचा टिपू हा मित्र, असा आराखडा काढला तर १७८६ ची मोहीम समजतच नाहीं. तेथें तर अरीस बरोबर घेऊन मित्रावर स्वारी झाली. शास्त्रानें उत्तर मागूं नये, प्रश्न मात्र घ्यावा. कौटिल्यानें दूताचे तीन प्रकार केले आहेत : पूर्ण अधिकार असलेला निसृष्टार्थ, मर्यादित अधिकाराचा परिमितार्थ, व केवळ लेख पोंचविणारा शासनहर. हा भेद उपयोगी पडतो. वकिलानें दिलेला शब्द त्याच्या धन्यास बांधतो कीं नाहीं, तें तो कोणत्या प्रकारचा होता यावर ठरतें, आणि तो प्रकार पदवीवरून नव्हे तर ‘आज्ञा येईल त्याप्रमाणें वर्तूं’ असें तो किती वेळां लिहितो यावरून कळतो.

दोहों बाजूंचे कागद समोरासमोर ठेवावे, हें सर्वांस मान्य आहे. घडत मात्र क्वचितच. खर्ड्याच्या प्रकरणापुरती ही सोय आज चांगली आहे. राजवाडे, खरे यांनीं छापलेलीं मराठी पत्रें आहेत, १९३० नंतर सरदेसायांनीं पंचेचाळीस भागांत काढलेलें पेशवेदप्तर आहे, पुण्याच्या बातम्या निजामाकडे जात त्या हैदराबादेस छापलेल्या ‘पूना अखबारां’त सांपडतात, आणि तटस्थ राहून दोहोंकडे टिपणारे इंग्रज वकील, पुण्याचा मॅलेट व हैदराबादचा कर्कपॅट्रिक, यांचीं पत्रें रेसिडेन्सी पत्रव्यवहाराच्या चौथ्या खंडांत डॉ. दिघे यांनीं एकत्र केलीं आहेत. तटस्थाचें पत्र निःपक्षपाती असतें असें मात्र समजूं नये. सर जॉन शोरच्या तटस्थपणाचा लाभहानीचा हिशेब त्या पत्रांच्या ओळीओळींत चालू आहे. शेजवलकरांचें ‘निजाम-पेशवे संबंध’ वाचतांना आम्हांस सर्वांत आवडलें तें हें कीं, ते एका बाजूच्या फुशारकीस दुसऱ्या बाजूचा कागद लावून पाहतात.

एकच बाजू उपलब्ध असेल तेथें काय करावें? याचें उदाहरण माहूरचेंच आहे, म्हणून थोडें मागें जातों. निजामशाहींतून मोगलांकडे गेलेल्या उदारामाचें घराणें माहुरास होतें. शहाजादा खुर्रम बापावर उठला व १६२३ त बऱ्हाणपुराहून माहूरमार्गें गोवळकोंड्याच्या मुलखाकडे निघाला, तेव्हां हत्ती व जड सामान त्यानें माहूरच्या किल्ल्यांत उदारामापाशीं ठेविलें. ही हकीकत जहांगीराच्या पक्षाच्या फारसी इतिहासांत येते. लेखकाचा रोख बंडखोर पुत्राची दैना दाखविण्यावर आहे, माहूरवर नाहीं. म्हणूनच माहूरविषयीं ओघांत आलेलें वाक्य आम्ही विश्वसनीय धरतों. याच घराण्यांतील रायबागन १६६१ सालीं कारतलबखानाबरोबर उंबरखिंडींत सांपडली. परमानंदाच्या शिवभारतांत हा प्रसंग विस्तारानें आहे : कोंडलेल्या खानास रायबागन खडसावते, शरण जाण्याचा सल्ला देते, खान दूत पाठवितो, शिवाजी महाराज धन घेऊन अभय देतात. दिवेकरांनीं १९२७ त हें काव्य प्रसिद्ध केल्यापासून रायबागनचें तें भाषण शाळकरी पुस्तकांपर्यंत पोहोंचलें आहे. परंतु शत्रूच्या गोटांत, रानाच्या मध्यभागीं, खान व रायबागन यांच्यांत झालेलें बोलणें परमानंदानें कोठून ऐकिलें? तें कवीनें रचिलें. महाकाव्याच्या रीतीस धरूनच रचिलें. याच्या उलट दूत आला, अभय मागितलें, धन घेऊन वाट दिली, हा भाग शिवाजी महाराजांच्या गोटांत घडला; तेथें कवीचा आधार जवळचा. एकाच सर्गांतील दोन पानांस आम्ही दोन निरनिराळीं वजनें देतों. काव्य खरें कीं खोटें, असा सरसकट वाद घालणारांस हें पटत नाहीं. पण कोणाला काय कळणें शक्य होतें, याखेरीज दुसरी तराजू आम्हांस ठाऊक नाहीं.

माहूरचा आग्रह आम्ही धरतों तो रेणुकेच्या भक्तीमुळें नव्हे, अथवा केवळ नांदेड जिल्ह्याच्या अभिमानानेंहि नव्हे. महमूद गावानानें वऱ्हाडचे दोन तरफ केले तेव्हां एकाचें ठाणें गाविल व दुसऱ्याचें माहूर, पुढें मोगली सरकार, मग निजाम, १८५३ त वऱ्हाड इंग्रजांकडे गहाण पडल्यावर पैनगंगा ही सीमा झाली व माहूर अलीकडच्या तीरावर निजामाकडे राहिलें. दरबारांत झालेला तह खरा झाला कीं नाहीं, तें अशा सीमेवरच्या पाटलाच्या हिशेबांत दिसतें. कबूल केलेली चौथाई खळ्यावरून उठली काय? नवा कमाविसदार आला तो बसूं दिला काय? हे कागद ना तहासारखे सुंदर, ना पत्रांसारखे रसाळ. बहुतेक गृहस्थ ते वाण्यास देऊन टाकतात.

आणि आतां संग्राहकांस विनंति. पत्राच्या पाठीवर ‘पैवस्ती’ म्हणून जी मिति असते, ती पत्र पोहोंचल्याची. पत्र कधीं लिहिलें याहून तें कधीं वाचलें गेलें, हें परराष्ट्रव्यवहारांत अधिक महत्त्वाचें; धन्यानें निर्णय घेतला तेव्हां वकिलाची सूचना त्याच्या हातीं होती कीं वाटेंत होती, हें तीवरूनच कळतें. पत्रें पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीस लाविलीं कीं पैवस्ती गेली. तसेंच रुमाल सोडून कागद आकारानें वा अक्षराच्या देखणेपणानें लावूं नयेत. कोणता कागद कोणाशेजारीं होता, हाच पुष्कळदां त्याच्या सनाचा एकमेव पुरावा असतो. आणि पुरवणी टाकूं नये. तिला मायना नसतो, मिति नसते, शिक्का नसतो. विकणारास ती भिकार वाटते. पण मूळ पत्र परक्याच्या हातीं पडेल या भयानें खरा मजकूर पुरवणींतच लिहिला जाई.

आमच्या पत्राची पुरवणी अशीच गेली. ज्या घराण्यांत तें मिळालें तेथील वृद्ध गृहस्थांनीं सांगितलें कीं, मूळ रुमाल बराच जाड होता. एका फिरत्या व्यापाऱ्यानें त्यांतील ‘बिनकामाचे’ सुटे बंद मापावर नेले व शिक्क्याचे कागद घरांत ठेवावयास सांगितले. त्या बंदांपैकीं एखादा कोणा वाचकाच्या संग्रहीं आला असल्यास तो ओळखण्याच्या खुणा देतों : दौलताबादी कागद, रुंदी सुमारें वीतभर; डाव्या कडेस कसरीचीं तीन भोंकें एका ओळींत, कारण मूळ पत्राच्या त्याच जागीं तशींच तीन आहेत; अक्षर उजवीकडे कललेलें. पूर्वींच्या लेखांत जेथें १७९५ आहे तेथें वाचकांनीं १७८५ असें दुरुस्त करून घ्यावें, व त्या सनावर उभारलेला शेवटचा परिच्छेद रद्द समजावा.